पंचावन्न वर्षं गरम राहिलेली लस

शहाद्याजवळ लोणखेड्याला आमच्या शेजारी कमलबाई राहतात. पुण्यातली नोकरी आटोपून मी गावी परतले, तेव्हा त्यांनी महिनाभर मला खिडकीतून पाहिलं. ही बाई सकाळी लॅपटॉपपुढे बसते ती जेवायलाच उठते. बोलत नाही, हसत नाही, मधूनच कपाळावर हात मारून घेते. शेवटी एक दिवस गच्चीवर पापड वाळत घालता घालता त्यांनी विचारलंच.

"ताई, तुम्ही दिनभर त्या कम्प्युटरवर काय करतस?"

"मी कम्प्युटरले येळ सांगस," मी म्हटलं.

"म्हंजे, कितला वाजनात ते?"

"हां. तेच."

त्यांनी आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आनि तेन्हासाठे इंजिनेर व्हयनात?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीची इतकी नेमकी चौकशी पुण्यातल्या एकाही साहेबानं केली नव्हती. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर मला पहिल्यांदा कमलबाईच आठवल्या. त्यांना जे सांगता आलं नाही, ते इथे सांगून बघते.

कम्प्युटर घ्या, मोबाइल घ्या, नाहीतर दुधाच्या डेअरीतलं फॅट मोजायचं यंत्र घ्या. त्याच्या पोटात सगळ्यात आत एक प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या परवानगीनं चालतात. कुणी किती वेळ पळायचं, कुणी कुठे बसायचं, कुणी थांबायचं, हे तो ठरवतो. आणि हे सगळे त्याला दिवसभर एकच प्रश्न विचारत असतात: आत्ता किती वाजले? निरोप किती वाजता आला, फोटो कधी काढला, पडदा कधी विझवायचा. सेकंदाला हजारो वेळा विचारतात. बाहेरच्यांना वेळ हवी असली की ते कर्नलला विचारतात. पण कर्नलच्या आत बसून लिहिणाऱ्यानं कुणाला विचारायचं? त्या आतल्या कोपऱ्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

तिथे वेळ म्हणजे एका स्फटिकाचे ठोके. तो थरथरत राहतो, आपण मोजत राहायचं. गंमत अशी की मोजलेला आकडा वाचताना त्याच क्षणी दुसरं कुणीतरी तो दुरुस्त करत असू शकतं. म्हणून आम्ही वाचण्याआधी एक खूण बघतो आणि वाचून झाल्यावर तीच खूण पुन्हा बघतो. मधे ती बदलली असेल, तर वाचलेलं टाकून देतो आणि पुन्हा वाचतो. नुसते किती वाजले हे बघायला एवढा सोवळेपणा.

या कामात खरी मेख आहे ती वेगळीच. कर्नलमध्ये घड्याळ एक नसतं. ते मला पुण्याच्या आधी आमच्या विहिरीवर कळलं होतं, फक्त तेव्हा कळलं आहे हे कळलं नव्हतं.

माझं माहेर सारंगखेड्याकडचं, तापीकाठचं. आम्ही गुजर, केळी आणि ऊस पिकवणारे. वडील आणि काका यांची विहीर एकच, पंप एक, पाणी सहा-सहा तास वाटून घेतलेलं. पंपाच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होतं. काकांची पाळी असली की ते घड्याळ हमखास मागे पडायचं. एकदा माझ्या वडिलांनी काकांना स्टुलावर चढून काटा फिरवताना पाहिलं. भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या दिवशी वडील शहाद्याहून पंपाला लावायचा तास-मीटर घेऊन आले. पंप चालला की मीटर पुढे सरकतो, थांबला की थांबतो, आणि त्याला मागे नेणारा काटाच नसतो. काका मीटरकडे बघून म्हणाले, "दादा, हाई तं घड्याळच नही. एन्हामा कितला वाजनात ते समजतच नही."

वडील म्हणाले, "समजाले नकोच शे."

कर्नलमध्ये अगदी अशीच दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरचं: तारीख-वार सांगतं, पण कुणीही पुढे-मागे करू शकतं. मोबाइलचं नेटवर्क करतं, माणूस करतो, बॅटरी गेली की ते स्वतःच भरकटतं. दुसरं मीटरसारखं: किती वाजले ते त्याला ठाऊक नाही, पण ते कधी मागे जात नाही. यंत्र झोपलं की थांबणारं एक, आणि झोपेतही मोजत राहणारं एक, असे या मीटरचे पुन्हा दोन भाऊ. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच नियम पाठ करायला लावायचे: किती वाजले ते भिंतीला विचारा, किती वेळ गेला ते भिंतीला कधीही विचारू नका.

हा नियम मोडला की काय होतं, याचा एक नमुना सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात पाहायला मिळाला. जत्रेच्या दिवसांत एका मैदानावर काही हौशी मंडळींनी शर्यत ठेवली होती. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी स्वतः बनवलेलं वेळ मोजायचं यंत्र तिथे बसवलं. घोडा सुटला की एक नोंद, पोचला की दुसरी, वजाबाकी पडद्यावर. तीन घोडे झाले, सगळं छान. चौथा सुटला, आणि तो अर्ध्या वाटेत असताना प्राध्यापकांनी कौतुकानं यंत्राला मोबाइलचं इंटरनेट जोडलं. इंटरनेटनं यंत्राचं पुढे गेलेलं घड्याळ गुपचूप मागे आणलं. घोडा पोचला आणि पडद्यावर आकडा आला: उणे नऊ सेकंद.

मी प्रेक्षकांत होते. घोड्याचा मालक, पांढरा फेटा घातलेले एक अण्णा, धावत प्राध्यापकांकडे आले. कुणीतरी त्यांना 'उणे'चा अर्थ सांगितला होता.

"सर, मन्हा घोडा निंघाना पहिलेच पोची गया! लिखी द्या मले!"

प्राध्यापक घामाघूम झाले. मी पुढे होऊन यंत्र पाहिलं, दोन घड्याळांची गोष्ट सांगितली आणि शर्यत पुन्हा घ्या म्हटलं. अण्णांनी साफ नकार दिला. "पुन्हा कसाले? आते घोडा काय, पहिलासारखा पळाव थोडाच शे." त्यांनी त्या पडद्याचा फोटो काढून घेतला. पुढे तो फोटो त्यांनी बाजारभर दाखवला. मी घरी येऊन दोन दिवस हसत होते, आणि पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करकरून सांगत होते. दुसऱ्याची चूक फार गोड लागते.

त्यानंतर वर्षभरात अरविंदचा फोन आला.

अरविंद म्हणजे माझ्या जुन्या कंपनीतला. आम्ही बरोबरीचे, तो गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांभाळतो. गावी आल्यावरही मी त्या कंपनीचं थोडं काम घरून करत होते. कंपनी एक छोटा डबा बनवते, जेवणाच्या डब्याएवढा. सरकारी आरोग्य केंद्रात लस ठेवायचा फ्रीज असतो, त्याच्यावर हा डबा बसतो. त्याची तार फ्रीजच्या आत जाते आणि तापमान मोजते. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. आठाच्या वर ठरावीक तासांपेक्षा जास्त राहिली, तर डब्यावर लाल दिवा लागतो आणि तालुक्याला आपोआप निरोप जातो. वरचे सगळे प्रोग्रॅम अडकले तरी तो लाल दिवा लागलाच पाहिजे, म्हणून दिव्याचा भाग मी थेट कर्नलमध्ये लिहिला होता. मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

"अगं निर्मला, तुझ्याच जिल्ह्यातली तक्रार आहे," अरविंद म्हणाला. "धडगावच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं केंद्र. लाल दिवा लागला, लस टाकून दिली, आणि आता तिथली सिस्टर म्हणते की डबा खोटं बोलतो."

"आकडे काय आहेत?"

"गरम राहिल्याचा काळ, चार लाख ब्याऐंशी हजार तास."

मी हसले. मला लगेच कळलं. डब्यात तारीख धरून ठेवणारा एक बटणाएवढा सेल असतो. तो संपला आणि डब्याची वीज पूर्ण गेली, तर चालू होताना त्याला तारीख आठवत नाही. मग तो शून्यापासून सुरू करतो. आणि आमच्या धंद्यात शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. तिथून आजपर्यंत पंचावन्न वर्षं, म्हणजे तेवढेच तास.

"सेल संपलाय," मी म्हटलं. "बदलायला सांग. आपल्या प्रोग्रॅमचा दोष नाही."

अरविंदनं तसं कळवलं. मी चहा करायला उठले. ते वाक्य खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं बघायला मी त्या दिवशी कष्ट घेतले नाहीत, आणि हे लिहिताना अजूनही तिथेच टोचतं.

आठ दिवसांनी अरविंदनं काही कागदांचे फोटो पाठवले. पहिला कागद नोटीस होती. 'लसीच्या साठवणुकीत अक्षम्य निष्काळजीपणा' वगैरे. नोटीस लिहिणाऱ्यानं आकडा वाचला नव्हता, रंग वाचला होता. दुसरा कागद सिस्टरांचं उत्तर. निळ्या शाईत, रेघ न मोडता, सुवाच्य अक्षरात:

'मी चौतीस वर्षांची आहे. केंद्रात हा फ्रीज येऊन चार वर्षे झाली. यंत्रातील तासांना चोवीसने व तीनशे पासष्टने भागले असता लस पंचावन्न वर्षे गरम होती असे निघते. हे माझ्या हातून कसे घडले ते कृपया कळवावे, म्हणजे मला खुलासा करता येईल. आपली विश्वासू, वनिता पावरा.'

तिसरा कागद पुन्हा नोटीस. वरिष्ठांना उद्धट उत्तर दिल्याबद्दल.

मी ते उत्तर तीनदा वाचलं. तीस वर्षांत माझ्या कामाची इतकी स्वच्छ तपासणी कुणी केली नव्हती. कार्यालयाला जे वाचता आलं नाही, ते डोंगरातल्या एका सिस्टरांनी कागदावर भागाकार करून दाखवलं होतं. आणि मी, जिला सगळं पहिल्या क्षणी कळलं होतं, सेल बदला म्हणून मोकळी झाले होते. सेल संपतातच. सेल संपला म्हणून लस पंचावन्न वर्षं गरम झाली, असं डब्यानं म्हणायलाच नको होतं. मग तो असं का म्हणाला?

मी कोड उघडला. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तापमान आठाच्या वर गेलं की 'कधीपासून गरम' ही वेळ टिपायची, आणि पुढच्या प्रत्येक नोंदीला आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची. वजाबाकी बरोबर होती. पण वेळ कुठल्या घड्याळाची टिपली होती? भिंतीवरच्या. त्या ओळीच्या वर एक टीप होती, 'तात्पुरते. नंतर बदलणे', आणि पुढे लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. माझी.

मला आठवलं. पहिल्या प्रात्यक्षिकाच्या आधी घाईत लिहिलेली ओळ. प्रात्यक्षिकात घड्याळ बरोबर होतं, दिवा बरोबर लागला, टाळ्या झाल्या. नंतर कधी बदललीच नाही. तो कोड तपासून त्यावर सही करणारीही मीच. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून नियम पाठ करून घेणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी शहाद्याहून धडगावला गेले आणि तिथून जीपनं वर. त्या गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. केंद्र दोन खोल्यांचं, पुढे अंगण, मागे लगेच उतार. वनिता सिस्टर ओसरीत बसून सिरिंजांची खोकी मोजत होत्या. बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेले, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मोजणी पूर्ण केली, आकडा लिहिला आणि मगच मान वर केली.

"कंपनीकडून आलात? सेल आणलाय?"

"सेलही आणलाय," मी म्हटलं. "पण चूक सेलची नाही. प्रोग्रॅमची आहे. तो मी लिहिलाय."

त्या उठल्या. आत गेल्या आणि एक जाड वही घेऊन आल्या. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी, फ्रीजमधल्या साध्या थर्मामीटरवरून हातानं घेतलेल्या. चार, पाच, पाच, सहा. दोन दिवस वीज गेली होती, तेव्हाही फ्रीजमधल्या बर्फानं तग धरला होता: सात, सात. मग वीज आली त्या सकाळी: सात.

"त्या दिवशी काय झालं, नीट सांगाल?"

"वीज आली. डबा बंद पडला होता तो आपोआप चालू झाला. मी साठा मोजायला फ्रीज उघडला. पाच मिनिटं, फार तर सात. बंद केला. थोड्या वेळानं बघते तर लाल दिवा. मी तालुक्याला फोन केला की थर्मामीटर सात दाखवतोय. ते म्हणाले, यंत्र आहे ना? मग यंत्राचं ऐका."

मला पुढचं सगळं दिसलं. पण दिसणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. मी म्हटलं, "सिस्टर, आपण तो दिवस पुन्हा करू या?"

फ्रीजमध्ये त्या दिवशी लस नव्हती, नवी यायची होती. मी डब्यातला जुना सेल काढला, वीज काढली, पुन्हा लावली. डब्याच्या बोटभर पडद्यावर तारीख आली: १ जानेवारी १९७०. वेळ पहाटे साडेपाच.

सिस्टर वाकून बघत होत्या. "साडेपाच का? शून्यापासून सुरू होतं ना, मग बारा का नाही?"

"त्याचं शून्य विलायतेतलं आहे. तिथे रात्रीचे बारा वाजले की आपल्याकडे साडेपाच."

"म्हणजे शून्यसुद्धा आपलं नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

फ्रीज उघडला. पडद्यावरचा आकडा सरकत आठाच्या वर गेला. आता फक्त नेटवर्क यायला हवं होतं, आणि ते त्या खोलीत नव्हतं. सिस्टरांना त्याची जागा पाठ होती. "त्या दिवशी वारा होता, म्हणून आपोआप आलं असेल. एरवी खिडकीत धरावं लागतं." त्यांनी डबा उचलून खिडकीच्या गजांपाशी धरला, थोडा उजवीकडे, थोडा वर. आम्ही दोघी डब्याकडे बघत उभ्या. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. मग पडद्यावरची तारीख एकदम आजची झाली, आणि पुढच्याच नोंदीला लाल दिवा लागला. गरम राहिल्याचा काळ: चार लाख ब्याऐंशी हजार तास.

"आली!" सिस्टर ओरडल्या. "आली बघा पंचावन्न वर्षं!"

शिपाई धावत आला. त्याला वाटलं कुणी गेलं.

मग ओसरीत चहा पिताना मी त्यांना दोन घड्याळं समजावायला लागले. विहीर, पंप, काका. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"कळलं. नाडी मोजताना मी किती वाजले ते बघतच नाही. सेकंद काटा कुठून निघाला आणि किती फिरला, एवढंच बघते. मधेच कुणी येऊन माझं घड्याळ पुढे केलं, तर माझ्या हिशेबानं पेशंट कधीच गेलेला असेल. पण तो तर समोर बसून चहा पितोय."

मी पुण्यात वर्षानुवर्षं फळ्यावर आकृत्या काढून जे शिकवत होते, ते चार वाक्यांत संपलं.

"आणि एक," त्या म्हणाल्या. "वीज गेली, सेल गेला, मधे काय झालं ते डब्याला माहीत नाही. ठीक आहे. माहीत नसतं माणसालाही. पण मग त्यानं माहीत नाही असं सांगावं. लाल कशाला लावायचा?"

तिथेच बसून मी लॅपटॉप उघडला. घड्याळ बदलायला एका शब्दाचा बदल पुरला: भिंतीऐवजी झोपेतही मोजणारा मीटर. सिस्टरांच्या म्हणण्यासाठी मात्र पुढे आठवडा लागला. आता त्या डब्यावर तिसरा, पिवळा दिवा आहे. तो लागला की अर्थ एवढाच: मला माहीत नाही, तुम्ही थर्मामीटर बघा. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला भारदस्त नाव दिलंय. मी त्याला वनिता सिस्टरांचा दिवा म्हणते.

कोड दुरुस्त करणं सोपं होतं. नोटीस दुरुस्त करायची होती. मी पत्र लिहायला घेतलं आणि अरविंदला फोनवर वाचून दाखवलं.

"'प्रोग्रॅम मी लिहिला व चूक माझी आहे'?" तो म्हणाला. "निर्मला, असं नको. 'तांत्रिक त्रुटी आढळली' लिही. कंपनीच्या वकिलांना झीट येईल."

"त्रुटी आढळत नसते अरविंद, कुणीतरी ती केलेली असते. तू तांत्रिक लिहिलंस की ती पुन्हा सेलवर जाईल, आणि सेलवरून सिस्टरांवर."

शेवटी तो म्हणाला, "बरं. तुझ्या नावानं लिही. कंपनीचं मी बघतो." आणि त्यानं बघितलं, हे इथे नोंदवलं पाहिजे.

तालुक्याच्या कार्यालयातले आरोग्य अधिकारी तरुण होते आणि दमलेले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, मग मागची बाजू कोरी आहे ना ते बघितलं.

"मॅडम, असं कुणी लिहून देत नाही."

"मी दिलंय."

"लाल दिवा लागल्यावर लस वापरू नका म्हणालो, ते तरी बरोबर होतं ना?"

"ते बरोबरच होतं. लस अडवायची होती. पण माणसाला नोटीस देण्याआधी आकडा वाचायचा होता. त्यांनी वाचला, म्हणून तुम्ही त्यांना उद्धट म्हणालात."

ते खुर्चीत जरा मागे रेलले. "बघतो," म्हणाले. सरकारी 'बघतो'चे बरेच अर्थ होतात, पण यांनी खरंच बघितलं. पहिली नोटीस तीन आठवड्यांत मागे घेतली गेली. दुसरी, उद्धटपणाची, फाइलमध्ये बरेच महिने राहिली; कारण ती मागे घ्यायची तर उत्तर उद्धट नव्हतं असं कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर ते थोडं होतंच.

घरी परतल्यावर मी अरविंदला एक काम सांगितलं. ज्या ज्या डब्यांवर असे अशक्य तास दिसले, ते सगळे शोध. आणखी दोन निघाले, दुसऱ्या जिल्ह्यांतले. दोन्हीकडे लस टाकून दिली होती आणि दोन्हीकडे सिस्टरांनी खुलाशाच्या जागी 'चूक मान्य, पुन्हा होणार नाही' असं लिहून सही केली होती. मी त्या दोघींसाठीही पत्रं पाठवली. त्यातल्या एकीचं उत्तर आलं: 'मला वाटलं माझ्याकडूनच काही झालं असेल.' हे एक वाक्य मला अजून सुटलेलं नाही. न केलेली चूक माणूस किती सहज स्वतःवर घेतो, आणि केलेली चूक स्वतःवर घ्यायला मला मात्र आठ दिवस आणि एक भागाकार लागला.

आता उरलं ते पाड्यांचं. लस टाकून दिली त्या आठवड्यात लसीकरणाचा दिवस होता. तीन पाड्यांवरच्या बाया पोरांना कडेवर घेऊन डोंगर उतरून आल्या आणि तशाच परत गेल्या. नवी लस आल्यावर मी पुन्हा केंद्रावर गेले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मी त्यांना दोन वर्षं सांगत होते की या, मी असते, लस असते. आणि त्या आल्या त्या दिवशी लस नव्हती. पुढच्या वेळी अर्ध्याही आल्या नाहीत." आता त्या स्वतःच पाड्यांवर जाणार होत्या, लसीची थंड पेटी खांद्याला लावून. मी विचारलं, येऊ का? त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "बूट घालून या, ताई."

त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

चढ माझ्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता, पण तक्रार करायची सोय नव्हती. सिस्टर पुढे, मी मागे, दर वळणावर त्या थांबून पेटीकडे बघितल्यासारखं करायच्या. खरं तर मला दम घ्यायला वेळ देत होत्या. पहिल्या पाड्यावर सात-आठ बाया एका झोपडीच्या सावलीत बसल्या होत्या. पोरं मांडीवर, कुणी पाठीला बांधलेली. कुणी उठलं नाही. एक बाई, नाकात चांदीची मुरणी, पावरी बोलीत काहीतरी बोलली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर कळला.

"काय म्हणाली?"

"विचारते, आज तरी औषध चांगलं आहे का. की पुन्हा मागच्यासारखं," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा."

पुण्यात मी मोठमोठ्या लोकांपुढे उभी राहून भाषणं दिली आहेत. तिथे मात्र मी आधी त्यांच्यासमोर खाली बसले. "मागच्या वेळी औषध चांगलंच होतं," मी म्हटलं. "सिस्टरांचीही चूक नव्हती. मी बनवलेलं यंत्र चुकलं. ते आता दुरुस्त केलंय, आणि आजचं औषध सिस्टरांनी स्वतः बघून आणलंय."

सिस्टरांनी त्याचं पावरीत भाषांतर केलं. माझं बोलणं संपलं तरी त्यांचं बराच वेळ चालू होतं, हातवारेही होते. मधेच त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं, आणि सगळ्या बाया खो खो हसल्या.

"एवढं काय सांगितलंत?"

"जे बोललात तेच सांगितलं. आणि वर सांगितलं की यंत्र चुकवलं म्हणून हिला शिक्षा झालीय, सगळे पाडे पायी चढायचे."

मुरणीवाली बाई मात्र हसली नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. मग उठली, मांडीवरचं पोर, सात-आठ महिन्यांचं, उघडंवाघडं, गळ्यात काळा दोरा, उचलून आणलं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पेटी उघडली, कुपी काढली, तिच्यावरची, लस गरम झाली की रंग बदलणारी खूण नखानं दाखवून त्या बाईलाही बघायला लावली. "पाय घट्ट धरा, ताई. हलू द्यायचं नाही."

मी त्या पोराचा गुबगुबीत पाय दोन्ही हातांनी धरला. त्यानं माझ्या चष्म्याकडे टक लावून पाहिलं, हात वर करून तो पकडायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात सुई टोचली. क्षणभर ते नुसतं आ वासून बघत राहिलं. मग त्यानं असा टाहो फोडला, की पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली, आणि सावलीत बसलेल्या बाया एकेक करून आपापली पोरं घेऊन उठल्या.